अकरावी नमो मरिया

“अगाथे, दोरीचं त्ये टोक धर. ताणून धर, झोळ पडाया नको.”

मी टोक धरलं. आजीनं तिचं हिरवं लुगडं दोरीवर टाकलं, दोन्ही बाजूंनी सारखं केलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. आमच्या कुरणवाडीच्या देवळात पापाची कबुली द्यायला शहरातल्या चर्चसारखी लाकडी खोली नव्हती. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन आणि समोर मरियामातेची हातभर मूर्ती, एवढंच आमचं देऊळ. महिन्यातून एकदा फादर कुटिन्हो फटफटीवरून यायचे, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, आणि खुर्चीला आडोसा म्हणून आजीचं लुगडं. ते तिच्या लग्नातलं होतं, पण ती ते कधी नेसायची नाही.

“आख्ख्या गावाची पापं ऐकल्यात त्यानं,” ती म्हणायची. “आता आंगाला कसं लावू?”

“आजी, मी धरू का ते टोक?” दारातून फिलू म्हणाली.

“तू इकडं ये माझ्यापाशी. तुला दुसरं काम हाय.”

हे असं होतं. मला दोरीचं टोक, आणि तिला आजीपाशी काम.

फिलू म्हणजे फिलोमिना, आजीच्या धाकट्या बहिणीची नात. तिची आई ऊसतोडीला गेली होती तिकडेच तापानं वारली, आणि बापानं फिलूला एका पिशवीसकट आणून आमच्या ओट्यावर बसवलं. पिशवीत एक फ्रॉक, एक ताटली आणि तिच्या आईच्या बांगड्या होत्या. ती माझ्याएवढीच, दहा वर्षांची. माझे आईबाप साखर कारखान्यावर राहायचे आणि शाळेसाठी मला आजीकडे ठेवलेलं. म्हणजे आजी माझी होती. चांगली चार वर्षं ती एकटी माझी होती, आणि फिलू आल्यापासून चार महिन्यांत माझं काहीच राहिलं नाही.

एकेक सांगते. आजीच्या उजव्या हाताला मी झोपायची, तिथे आता फिलू. मी भिंतीकडे. डोक्याला तेल आधी फिलूच्या. आणि पापुद्रा! बाजरीची भाकरी तव्यावर टम्म फुगली की आजी वरचा पापुद्रा अलगद सोलायची, त्यावर तेलाचं बोट आणि मीठ फिरवायची आणि चुलीपाशीच माझ्या तोंडात घालायची. फिलू आली त्या दिवसापासून पापुद्रा फिलूच्या तोंडात गेला. मी ताटलीकडे बघत बसले तर आजी म्हणाली, “तिला आय न्हाई गं.” मला वाटलं, आई नसल्याचं एवढं मिळत असेल तर माझी तरी कशाला आहे? हे मी आज लिहितेय म्हणून लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटली नव्हती.

आजीचं बाप्तिस्म्याचं नाव इसाबेल. गाव तिला इसाबाई म्हणे. लिहिता-वाचता काही येत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या शेतात खुरपलं, तीन लेकरं पुरली, दोन वाढवली, नवरा गेल्यावरही देवळाची किल्ली तिच्याच कनवटीला राहिली. तिच्या लग्नात एका जर्मन फादरनं तिला काळ्या लाकडी मण्यांची जपमाळ दिली होती. आजीला दहाच्या पुढे मोजता यायचं नाही. माळेत दहाच्या पुढे मोजायची गरजच नसते, म्हणून तिचं काही अडलं नाही. दहा वेळा नमो मरिया ही प्रार्थना, मग मोठ्या मण्यावर एकदा ‘स्वर्गातील बापा’, मग पुन्हा दहा. लग्नापासून एक मणीही इकडचा तिकडे झालेला नाही, असं ती छातीला हात लावून सांगायची, आणि गावही मान्य करायचं.

म्हणूनच फादर आले की जपमाळ चालवायचा मान तिचा. मान म्हणजे कामही होतं. लुगडं किती झालं तरी लुगडं. त्याच्या आड कोण काय पुटपुटतंय ते रांगेत बसलेल्यांना ऐकू जाणारच. तेव्हा फादर कबुल्या ऐकत असेपर्यंत आजी दाराशी बसून खड्या आवाजात माळ म्हणायची आणि रांगेतले लोक तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे. कोणाचं पाप कोणाच्या कानावर जायचं नाही. तिचा आवाज पाटाच्या पलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. धर्मशिक्षक मास्तरांच्या बायकोला, मार्टिनाबाईंना, हा मान फार दिवस हवा होता. त्या शहरातल्या बोर्डिंगात शिकलेल्या होत्या आणि त्यांना आजीचे उच्चार गावंढळ वाटायचे. पण आजी चुकतच नव्हती, तर काढायचं कसं?

त्या दिवशी माझी आणि फिलूची पहिली कबुली होती. दुसऱ्या दिवशी रविवारी मिस्साची उपासना आणि तिच्यात आमचं पहिलं ख्रिस्तशरीर, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायची. आणि आजीनं फिलूला शेजारी बसवून घेतलं होतं. “माझी माळ उद्या कुणीतरी चालवाया पायजे,” ती शेजारणीला म्हणाली होती. “पोरीचा आवाज चांगला हाय.”

माझाही आवाज चांगला होता. मला कोणी विचारलं नाही.

आता चकत्यांचं सांगते. मिस्साची भाकर, म्हणजे कागदासारख्या पातळ पांढऱ्या चकत्या, फादर एका डब्यात घालून आजीकडे ठेवून जायचे. फादर मिस्सात प्रार्थना म्हणेपर्यंत ती साधी भाकरच असते, पण हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्या आठवड्यात आजीनं मेणबत्त्यांची घरं पुसायला फिलूला देवळात नेलं आणि मला घरी दळण निवडायला बसवलं. मी रागानं उठले, आजीच्या पेटीतला डबा काढला आणि सहा चकत्या खाल्ल्या. कशालाच चव नव्हती. टाळूला चिकटून बसल्या त्या बसल्याच, आणि आजी आली तेव्हा मी जिभेनं टाळू खरवडत होते. आजी माझ्याकडे बघत राहिली.

मग मला युक्ती सुचली. चकत्या फिलूनं खाल्ल्या असं झालं तर? फादरच्या डब्याला हात लावणारी पोर आजी शेजारी बसवणार नाही. फादर तिला सिस्टरांच्या बोर्डिंगात पाठवतील. प्रश्न एवढाच होता की सांगायचं कसं. फादरना कबुलीत सांगून उपयोग नव्हता, कारण मास्तरांनी आम्हाला पढवलं होतं, “कबुलीत ऐकलेलं फादर मेले तरी कुणाला सांगत नाहीत.” मला हे फार गैरसोयीचं वाटलं. फादर सांगणार नसतील, तर रांगेनंच ऐकायला हवं.

आणि रांगेला ऐकू जाईल असा एकच क्षण असायचा. दहा नमो मरिया झाल्या की आजी तांब्यातलं पाणी प्यायची. एक घोट, फार तर दोन. तेवढा वेळ देवळात कोणी बोलायचं नाही.

माझ्या आधी मास्तरांची आई जाऊन आली. मग मी लुगड्याआड गेले आणि फादरांच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकले. फादर कुटिन्हो वसईकडचे, जाड भिंगाचे, दमलेले. त्यांनी मान खाली घातली.

“बोल बाळ.”

मी बोटं मोजत होते. बाहेर आजीची सहावी चालू होती.

“घाबरू नकोस. देवाला सगळं माहीत असतं, तू फक्त सांगायचं.”

सातवी. आठवी. फादरांनी घड्याळाकडे पाहिलं. नववी. दहावी. उत्तर संपलं. देवळात शांतता झाली आणि तांब्या जमिनीवरून उचलल्याचा आवाज मी ऐकला. मी छाती भरून घेतली आणि शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात सुरू केलं:

“फादर, फिलूनं—”

आणि बाहेर आजीचा आवाज फुटला. तोंडात पाणी असतानाच फुटला असणार, कारण पहिले दोन शब्द घरघरतच आले, पण त्यापुढचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मोठा मणी नाही, स्वर्गातील बापा नाही, सरळ अकरावी नमो मरिया. मी आणखी मोठ्यानं ओरडले, “फिलूनं डब्यातल्या चकत्या खाल्ल्या!” माझं मलाच ऐकू आलं नाही. लोक आधी गोंधळले, मग सवयीनं उत्तर देऊ लागले. बारावी. तेरावी. मध्ये श्वासाएवढीही जागा नाही.

फादरना मात्र ऐकू गेलं होतं. ते माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते.

“हे तुझं पाप आहे की तिचं?” त्यांनी विचारलं.

“तिचं.”

“मग तिला येऊ दे, ती सांगेल. तू तुझी सांग.”

मी माझी सांगितली. शाळेत पाटी फोडली, शेजारच्यांच्या कैऱ्या पाडल्या, दोनदा खोटं बोलले. चकत्यांचं सांगितलं नाही. फादर थोडा वेळ थांबले, मी आणखी काही म्हणते का याची वाट पाहत असावेत. मग त्यांनी मला पाच नमो मरिया सांगितल्या आणि हात उचलून क्षमा दिली. मी लुगड्याबाहेर आले तेव्हा आजी अजून थांबली नव्हती. रांगेत बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. आजीचा चेहरा लाल झाला होता, माळ तिच्या मांडीवरून खाली ओघळली होती आणि फिलू तिच्या अंगाला चिकटून बसली होती. मला पाहिल्यावर आजी थांबली. तिनं माळ उचलली, मणी चाचपले आणि कुठून सुरू करावं हे तिला कळेना.

“इसाबाई, एकोणीस झाल्या!” मार्टिनाबाई म्हणाल्या. “दहा असतात.”

कोणीतरी हसलं.

“चुकले बाई,” आजी म्हणाली. “वय झालं.”

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, एवढ्या वर्षांत म्हातारी चुकली नाही आणि नेमकी आजच चुकली, माझ्या नशिबानं. आणि चुकली का? तर फिलूला मांडीशी घेऊन बसली होती, लक्ष कुठे असणार. मी फिलूवर आणखी चिडले.

पुढच्या महिन्यात फादर आले तेव्हा मास्तर खाकरत ओट्यावर येऊन उभे राहिले. “इसाबाई, आता आराम करा. माळ आमच्या घरातून चालवू. लोक म्हणायला लागले की मोजायचं राहतं.”

आजी चुलीवरचं काही ढवळत होती. “बरं,” ती म्हणाली. “लुगडं न्या. दोरी पत्र्याला हाय.”

त्या दिवशी ती देवळात मागे, भिंतीला टेकून बसली आणि इतरांसारखी उत्तरं देत राहिली. मार्टिनाबाईंचा आवाज बारीक होता. लुगड्याआडचं निम्मं ऐकू येत होतं, आणि कोणाची सून काय म्हणाली ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आजीनं फिलूला पुन्हा कधी शेजारी बसवलं नाही, कारण बसवायला जागाच राहिली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

कबुलीनंतरच्या सकाळी, पहिलं ख्रिस्तशरीर घेऊन परतल्यावर, आणखी एक झालं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मिस्सापूर्वी काही खायचं नसतं, म्हणून आम्ही उपाशी होतो. घरी येताच आजीनं भाकरी टाकली, पापुद्रा सोलला, तेल-मीठ लावलं आणि माझ्या तोंडात घातला. फिलू बघत होती. “आज तुझा,” आजी मला म्हणाली. मी जिंकल्यासारखी चघळत बसले.

वर्षभरानं मला आईबापांनी कारखान्यावर नेलं. पुढे मी नर्सिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, तिकडेच संसार. फिलू गावातच राहिली. तिथेच तिचं लग्न झालं, दोन घरं सोडून. आजीचे डोळे गेले तेव्हा फिलूनं तिला आपल्याकडे नेलं. मी दिवाळीला साडी पाठवायची, नाताळला केक. आजीला न्हाऊ घालायचं, भरवायचं, रात्री उठून बघायचं, ते फिलूकडे. मी नर्स, शेकडो म्हाताऱ्यांची अंगं पुसली, आणि माझ्या म्हातारीचं अंग पुसायचं तिच्या वाट्याला. भेटायला गेले की आजी माझा चेहरा चाचपायची आणि विचारायची, “फिले, कोन आलंय गं?” मी तिथून निघाले की पाटाच्या पुलापर्यंत रडायची. दुःखानं कमी, रागानं जास्त.

आजी गेली तेव्हा मी दुपारी पोहोचले. आतल्या खोलीत फिलू एकटीच तिच्यापाशी होती. अंग धुऊन झालं होतं.

“तुझ्यासाठी थांबले,” फिलू म्हणाली. “लुगडं दोघींनी नेसवू.”

तिनं पेटीतून ते हिरवं लुगडं काढलं. दोरीच्या जागी त्यावर पिवळट रेघ पडली होती. आजी जिवंतपणी जे अंगाला लावत नव्हती, ते आम्ही तिला नेसवायला घेतलं. फिलूनं तिला कुशीवर वळवलं, मी पदर खालून ओढला.

“अगाथे, तुला त्यो दिस याद हाय का?” फिलू म्हणाली. “आजी माळंत चुकली त्यो?”

“आहे,” मी म्हणाले. “तू तिच्या मांडीत बसली होतीस.”

“म्या मांडीत कशाला बसंन? आजीनंच वढलं मला. तू आतून माझं नाव घेतलं आन् तिनं तांब्या टाकला, माळ टाकली, आन् माझ्या दोन्ही कानांवर हात दाबलं. आसं.” तिनं स्वतःच्या कानांवर तळहात ठेवले. “लई जोरात. मुंडकं दुखाया लागलं. हातात माळच न्हाई, म्हातारी मोजनार कशी?”

मी हातातल्या निऱ्या सोडल्या. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहिते, कारण कबुली अर्धी देऊन काय झालं ते मला माहीत आहे. माझ्या मनात आलं, म्हणजे त्याही दिवशी तिनं हिलाच वाचवलं.

“तुला काय ऐकू आलं?” मी विचारलं.

“‘फिलूनं’ येवढंच. फुडचं न्हाई. फुडं नुसती आजी वरडत व्हती.”

“तू कधी तिला विचारलं नाहीस?”

“इचारलं ना. मार्टिनाबायनं मान काढून घेतला तव्हा मला लई राग आला. म्हनलं आजी, सांग की समद्यांला, म्या मोजाया चुकले न्हाई म्हून. तर म्हनली, ‘मंग इचारतील, का वरडलीस? काय सांगू?’” फिलूनं आजीच्या कपाळावरचे केस मागे सारले. “म्हनली, ‘अगाथीचं पयलंच हाय. पयल्या येळंला चुकतंय लेकरू. त्ये गावानं ऐकलं तर तिला जल्मभर तेच चिकटून ऱ्हाईल.’”

चकत्या टाळूला चिकटलेल्या, मी जिभेनं खरवडतेय आणि आजी बघत राहिली आहे. सगळं तिला तेव्हाच ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं दुसऱ्या सकाळी पापुद्रा माझ्या तोंडात घातला होता. मी आजीच्या पायाशी बसले आणि मला फार रडू आलं. फिलूनं माझ्या सुटलेल्या निऱ्या उचलून खोचल्या.

“आतून काय म्हनत व्हतीस गं तू?” तिनं विचारलं.

मी पदर उचलला आणि आजीच्या खांद्यावर सारखा करत राहिले.

चार वाजता अंगणात माळ सुरू झाली. गाव जमलं होतं. आजी बाजेवर, हिरव्या लुगड्यात, हातांभोवती तिची काळी माळ गुंडाळलेली. मार्टिनाबाई आता सत्तरीच्या, पण माळ अजून त्यांचीच. शेजारी बसलेली एक सून मला दबक्या आवाजात म्हणाली, “इसाबाय बी माळ म्हनायची म्हनं पयलं. मंग मोजाया चुकाया लागली.”

दहावी संपली. मार्टिनाबाईंनी थांबून चष्मा पुसायला घेतला. अंगणात कोणी बोलत नव्हतं. मी उठून उभी राहिले.

“माझी आजी मोजायला चुकली नव्हती,” मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “एकदाही नाही. त्या दिवशी ती माझ्यामुळे थांबली नाही. फादरांच्या डब्यातल्या चकत्या—”

“नमो मरिया!”

फिलू. बाजेच्या पलीकडे बसलेली फिलू, डोळे मिटलेली, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. मोठा मणी नाही, स्वर्गातील बापा नाही, सरळ अकरावी. मार्टिनाबाई चष्मा हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मी आणखी मोठ्यानं बोलायला गेले, पण माझं मलाच ऐकू येईना. तो आवाज पाटाच्या पलीकडच्या मळ्यापर्यंत गेला असणार. तो आजीचा आवाज होता, आणि आजीनं तो तिला दिला होता, मला नाही. तेव्हाही मला हेवा वाटला, अगदी दहा वर्षांची असताना वाटायचा तसाच.

लोकांनी उत्तर दिलं. बारावी झाली, तेरावी झाली. माळ आजीच्या हातात होती आणि फिलूच्या हातात काहीच नव्हतं. मी खाली बसले आणि इतरांबरोबर उत्तर देऊ लागले.